कट्ट्यावरचा वारा

आज सकाळी बरकतपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून माझा पायजमा उडाला आणि समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीला मिठी मारून बसला. मी हातात चहाचा कप घेऊन त्याच्याकडे पाहत राहिलो. दोन्ही पाय टाकीभोवती आवळलेले, नाडी हवेत फडफडतेय. वाऱ्यात मी नेमका असाच दिसतो.

पौषातला वारा आलाय. हैदराबादची थंडी तशी पाहुणी. स्वेटर कपाटातून काढावा तोवर निघून जाते. पण मधेच दोन-चार दिवस असे येतात, की तिकडे बंगालच्या उपसागरात कुठेतरी काहीतरी शिजतं आणि इकडे आमच्या खिडक्या दात वाजवायला लागतात. आकाश स्वच्छ, ऊन छान, मुलांच्या हातात पतंग. बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर दिवस आहे! मी अशा दिवशी भिंतीच्या कडेकडेने चालतो.

मी भित्रा माणूस आहे. हे मी कुणी न विचारता सांगतो, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखी दुसरी इस्टेट नाही. लिफ्ट, पाल, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, जत्रेत फुगे फुगवणारा माणूस, या सगळ्यांना मी लहानपणापासून मन लावून भीत आलोय. मित्रमंडळी जमली की माझ्याच फजितीचे किस्से मी हातवारे करून सांगतो आणि लोक हसले की भीती जरा वेळ बाहेर जाऊन बसते. वाऱ्याची भीती मात्र या जुन्या संग्रहात नव्हती. ती एका जानेवारीत, सायकलवर बसून आली. तिचा किस्सा मला अजून नीट सांगता येत नाही. आज प्रयत्न करतो.

कुकटपल्लीत आमचं एक सावकाश सायकल मंडळ आहे. नावातच सगळं आलं. सभासद बहुतेक पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले, आठवडाभर संगणकासमोर वाकलेले आणि रविवारी सायकलवर वाकणारे. मूळचे हैदराबादी त्यात दोघेच. एक मी, काचीगुड्याच्या स्टेशनची शिट्टी ऐकत वाढलेला. आणि दुसरे आमचे कप्तान दिगूभाऊ, माझ्याच गल्लीतले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. दिगूभाऊंच्या मराठीत दख्खनी अशी मुरलीय की वेगळी काढायला गेलात तर दिगूभाऊच उरणार नाहीत. "हौ", "नक्को", "फिकर कायकू करता" हे त्यांच्या तोंडून आलं की मंडळातली पोरं खूश होतात. माझी बायको नीलिमा पुण्याची. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, तरी माझ्या एखाद्या शब्दावर ती अजून भुवई उचलते आणि "हे काय तुमचं हैदराबादी?" म्हणते. मी बरोबर आहे की चूक, हे त्या भुवईवरून ठरतं.

त्या जानेवारीच्या आधीच्या पावसाळ्यात एका सकाळी नीलिमा अंथरुणातून उठली आणि तिच्याभोवती घर फिरायला लागलं. मी दात घासत होतो. तिने ओरडून सांगितलं, "अरे, कपाट धर, पडतंय!" मी फेस भरल्या तोंडाने धावत जाऊन कपाट धरलं. कपाट जागेवर होतं. तीच भिंतीला गाल लावून उभी होती, डोळे मिटून, एखाद्या जहाजाच्या डेकवर उभं राहावं तशी.

डॉक्टर म्हणाले, कानातला तोल बिघडलाय, अधूनमधून होत राहील, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त मान झटकन वळवायची नाही आणि पडायचं नाही.

"पडायचं नाही, हे औषध कुठल्या दुकानात मिळतं?" नीलिमाने विचारलं.

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून ती जिना उतरताना मी मागून तिची ओढणी धरायला लागलो. तिला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय बकरी आहे?"

मग दिवाळी गेली, चकरा कमी झाल्या आणि एका शनिवारी ती म्हणाली, उद्या मीही सायकलवर येते.

"वारा आहे," मी म्हणालो.

"कळतंय. मलाही केस आहेत."

"पुढच्या रविवारी जाऊ."

"पुढच्या रविवारी संक्रांतीची खरेदी निघेल, त्याच्या पुढच्या रविवारी तुझी पाठ धरेल. मला तुझं कॅलेंडर पाठ आहे." मग म्हणाली, "मला बघायचंय, मी अजून एका सरळ रस्त्याने जाऊ शकते का. गल्लीत बघता येत नाही. गल्लीत सरळ रस्ताच नाही."

मी दिगूभाऊंना फोन केला. वाटेत एक जुना तलाव होता, त्याच्या बांधावरून जावं लागणार होतं. "तिथे काय करायचं?" मी विचारलं. "तिथे सगळ्यांना उतरवतो, पायी नेतो," दिगूभाऊ म्हणाले. "वहिनींना आणा हो. मी पुढे, तुम्ही शेवटी. मधे काय होते?"

मधे काय होतं ते सांगतो.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. पुढचा माणूस जे पाहील ते ओरडून सांगतो आणि प्रत्येकाने ते आपल्या मागच्याला सांगायचं. "खड्डा डावीकडे", "ट्रॅक्टर येतोय", "कुत्रं". रीत चांगली, फक्त शब्द माणसांच्या तोंडातून प्रवास करतो आणि प्रवासात त्याचं काहीही होतं. त्या दिवशी सकाळीच दिगूभाऊंनी "पुढे म्हशी" असा इशारा दिला होता, तो मधल्या मुंबईकरांपाशी "पुढे मिसळ" झाला आणि सगळी रांग उपाशी वेगाने म्हशींच्या कळपात घुसली. माझ्या पुढे चिन्मय नावाचा पुण्याचा तरुण होता. तो एका म्हशीच्या शेपटाचा फटका खाऊन म्हणाला, "काका, तर्री जरा जास्तच आहे." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

रिंगरोड ओलांडून आम्ही गल्लीबोळांसारख्या गावरस्त्यांना लागलो तेव्हा वारा खरा भेटला. शहरात तो इमारतींना आपटून दमलेला असतो. इथे त्याला अडवायला कुणी नव्हतं. वेचणीनंतर उरलेला कापूस झाडांवरून सुटून रस्त्यावर धावत होता, जणू त्याच्या मागे कुणी लागलंय. गावात दारांपुढे रांगोळ्या होत्या, मधे शेणाचे गोळे, त्यांत खोचलेली झेंडूची फुलं. आणि बायका ओणव्या होऊन रेघ ओढत होत्या तशी मागून वारा ती पुसत होता. ताडाची झाडं उंच, एकटी, आणि त्यांची वाळलेली पानं अशी वाजत होती की कुणीतरी सुपात हाडं पाखडतंय. मी वर पाहायचं टाळलं. समोर पाहिलं तर आमच्या हैदराबादचे ते खडक: एकावर एक रचलेले, घराएवढे, हजारो वर्षं पडतील पडतील म्हणत न पडलेले. मला वाटलं, आजचा दिवस त्यांनी कदाचित राखून ठेवला असेल.

गळ्याला मी मफलर घट्ट गुंडाळला होता. संक्रांत जवळ आलेली, पतंगांचा मांजा कुठे आडवा लोंबत असेल सांगता येत नाही. नीलिमालाही गुंडाळायला लावला होता. ती रांगेत बरीच पुढे, दिगूभाऊंच्या लगेच मागे होती. लाल मफलर. मी रस्ता पाहत नव्हतो, तो लाल ठिपका पाहत होतो. तो डावीकडे झुकला की मी इकडे उजवीकडे झुकायचो. पण ती सरळ चालली होती. अगदी सरळ. एका चढावर तिने हात वर करून मागे न बघताच मला बोटं हलवून दाखवली. मान वळवायची नाही, हे तिला पाठ होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने, असं मी चिन्मयला सांगितलं.

आणि मग पुढून तो शब्द आला.

दिगूभाऊ ओरडले होते, "कट्टा आला! उतरा!" हे मला नंतर कळलं. वाऱ्याने त्यातलं "उतरा" उचलून शेतात टाकलं. राहिला एकटा "कट्टा". आता हैदराबादच्या आसपास चेरुवु म्हणजे तलाव आणि कट्टा म्हणजे त्या तलावाचा बांध. तेलुगू माणूस म्हणतो, दख्खनी माणूस म्हणतो, आणि आम्ही काचीगुड्याचे मराठीही म्हणतो. शहरातल्या मोठ्या बांधाला सगळे टँकबंड म्हणतात, म्हणून पुण्या-मुंबईच्या लोकांच्या, अगदी नीलिमाच्याही, कानावरून हा शब्द कधी गेलाच नव्हता. त्यांच्या मराठीत कट्टा म्हणजे मित्र, गप्पा, चहा आणि पाय हलवत बसायची जागा. शब्द तोच. शब्द समजणारे आम्ही दोघे, एक रांगेच्या पहिल्या टोकाला आणि एक शेवटच्या. मधे सगळं पुणं.

"काका, कट्टा आला!" चिन्मय आनंदाने माझ्याकडे वळून ओरडला. "चला, चहा!"

माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन कट्टे उभे राहिले. पुढे पाहिलं तर वळणावर दिगूभाऊ उतरलेले, सायकल धरून उभे, आणि त्यांच्या बाजूने आमची सगळी मंडळी सुसाट निघालेली. दिगूभाऊ दोन्ही हात हलवून ओरडत होते, "नक्को! नक्को!" आणि मंडळी त्यांना हात करून पुढे जात होती. सगळ्यांच्या पुढे लाल मफलर. चहाला नीलिमा नेहमीच पहिली असते.

मी पॅडल मारायला लागलो. मी आयुष्यात कधी इतका जोरात गेलो नाही आणि रस्ता कधी इतका लांब झाला नाही. वाऱ्याने माझी टोपी नेली. छाती कुठेतरी मागेच राहिली आणि मी एकटाच पुढे चाललोय असं वाटत होतं. वळण घेतलं आणि तलाव दिसला.

मी पाणी पाहिलंय. पण वाऱ्यातलं ते पाणी काळं होतं, आणि ते सगळंच्या सगळं एका बाजूला चाललं होतं, बांधाकडे. लाटा दगडांवर आपटत होत्या. बांधावरची वाट जेमतेम सायकल जाईल एवढी. एका अंगाला काटेरी बाभळीची झुडपं, त्यांच्या पलीकडे खोल खाली भाताची खाचरं. दुसऱ्या अंगाला दगडांचा उतार आणि पाणी. पहिल्या काही पावलांतच आमच्या लोकांना काय ते कळलं होतं. कुणी उतरलं, कुणी आडवं झालं, सायकली झुडपांत कलंडल्या. पण नीलिमा त्यांच्या बरीच पुढे गेली होती. ती बांधाच्या मधोमध होती आणि उभी होती. दोन्ही पाय जमिनीवर, सायकल मधे, हात ब्रेकवर आवळलेले. हलत नव्हती. मफलरचं टोक पाण्याच्या उलट्या दिशेला आडवं ताठ झालं होतं.

मला कळलं, की तिच्याभोवती बांध फिरायला लागलाय.

"ताई! नीलिमाताई!" मागून दोघं-तिघं ओरडली. मी सायकल टाकली, गर्रकन वळलो, त्यांना हात जोडले, तोंडावर बोट ठेवलं. चिन्मय धावत आला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, जोरात हाक मारू?"

"नको रे. हाक मारलीस तर ती मान वळवेल."

तो समजला. त्याने सगळ्यांना गप्प केलं. ज्या माणसाला चिठ्ठी टाकायला बाजारात पाठवलं तर जो अर्ध्या बाजाराशी बोलून परत येतो, तो मी, तोंड घट्ट मिटून त्या बांधावरून चालायला लागलो.

चालायला लागलो हे जरा मोठं झालं. मी वाकून, हात पसरून, पाय घासत सरकत होतो. प्रत्येक झोत आला की खाली बसत होतो. हे कुणी रंगमंचावर केलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मला माझ्या श्वासाचा आवाज येत होता आणि तो तिला जाईल अशी भीती वाटत होती. मनात एक विचित्र हिशोब चालला होता: ती डावीकडे पडली तर काटे, उजवीकडे पडली तर पाणी. मी काट्यांसाठी देवाला विनवत होतो.

तिच्या पाठीमागे पोहोचलो आणि थांबलो. आता काय? मागून हात लावला तर दचकेल. बोललो तर वळेल. तिला मी दिसायला हवा होतो आणि त्यासाठी तिला ओलांडून पुढे जायला हवं होतं. झुडपांच्या बाजूने जागा नव्हती.

मी पाण्याच्या बाजूने गेलो. दगडांवर बसून, तळहात टेकत, खाली अजिबात न बघता. कसा गेलो, ते खरंच सांगता येत नाही. मला फक्त तिचा हातमोजा आठवतो, ब्रेकवर घट्ट रोवलेला, अंगठ्याजवळ उसवलेला. दगड ओला होता. एकदा माझा पाय सटकला आणि बुटात पाणी शिरलं, इतकं गार, की मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मग मी तिच्या समोर उभा होतो.

"आलास?" ओठ न हलवता ती म्हणाली.

"आलो."

"कट्टा कुठे आहे?"

"तू त्याच्यावरच उभी आहेस."

तिने डोळे मिटले, परत उघडले. तशा अवस्थेतही ती भुवई वर गेली. "हे काय तुमचं हैदराबादी," ती म्हणाली आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अरे, सगळं हलतंय. पाणी आडवं जातंय. झाडं जातायत. मला सोडू नकोस."

"नाही सोडत."

"हलू नकोस. तसाच उभा राहा. तेवढा एक तू हलत नाहीयेस."

मी तिला सांगणार होतो की माझा मफलर, जाकीट, दात, सगळं थरथरतंय. सांगितलं नाही. तिला जर मी स्थिर दिसत होतो, तर त्या बांधावर तीच एक खरी बातमी होती. मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. तिची बुबुळं आधी सरकत होती, परत येत होती, परत सरकत होती. मग हळूहळू त्यांनी मला धरलं.

आम्ही सायकल झुडपात कलंडू दिली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि उलटा चालायला लागलो, पाठ पुढे करून. तिने फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायचं. पण त्यामुळे वाट मला दिसत नव्हती. ती तिलाच माझ्या खांद्याच्या कडेने थोडी दिसत होती.

"डावीकडे घे," ती म्हणाली. मी घेतलं. "तुझं डावं नाही रे, माझं! पाण्यात नेतोस काय?"

असे आम्ही गेलो. तिला तोल नव्हता, मला रस्ता नव्हता. मधे एक मोठा झोत आला, तेव्हा दोघंही खाली बसलो, गुडघ्याला गुडघे लावून, आणि तिने माझा मफलर घट्ट केला. मांजाच्या भीतीने बांधलेला तो मफलर. त्या क्षणी मला मांजा, खडक, ताड, पाल, लिफ्ट, काही काही आठवत नव्हतं. जन्मभर जमवलेली सगळी भीती कुठेतरी गळून पडली होती आणि तिच्या जागी एकच होती. आधीच्या सगळ्यांत मी होतो: मी पडेन, मी मरेन, माझं काय होईल. हिच्यात मी कुठेच नव्हतो. म्हणून ती एवढी मोठी होती. तिला सगळी जागा मोकळी मिळाली होती.

पलीकडच्या टोकाला एक कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याशी बसलो. थोड्या वेळाने मंडळी आपापल्या सायकली ढकलत, कुणी कुणाचा हात धरून, पोहोचली. दिगूभाऊ सगळ्यांत शेवटी आले. त्यांचा घसा बसला होता.

"मी एवढं नक्को नक्को ओरडलो," ते म्हणाले, "कुणी ऐकेच ना."

चिन्मय मान खाली घालून म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्हाला चहा नको आहे."

मग नीलिमा हसली, डोकं झाडाला टेकवून, डोळे मिटून हसली आणि मग सगळे हसत सुटले. दिगूभाऊ हसता हसता डोळे पुसत होते आणि परत परत म्हणत होते, "वहिनी, माफ करा बा." मी हसलो नाही. माझं हसू मला मंगळवारी आलं, ऑफिसात, एकटा असताना, आणि मग ते हुंदक्यासारखं काहीतरी झालं म्हणून मी फाईलच्या मागे लपलो.

परत येताना आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लांबच्या रस्त्याने आलो. नीलिमा मधे, मी एका बाजूला, सायकली पायांशी. तिने विचारलं, "मी सरळ गेले ना रे? बांधापर्यंत?"

"अगदी सरळ," मी म्हणालो. ते खरं होतं.

आता वारा आला की मी खिडक्या लावतो. तो जुना भित्रेपणा नाही, लोक हसतील असा किस्साही नाही. आज मंडळाचा निरोप आलाय, रविवारी त्याच बांधावर जायचं, आणि नीलिमाने वाचून "बघू" म्हटलंय. तिच्या "बघू"चा अर्थ मला पंचवीस वर्षांत कळलेला आहे. मी आतापासूनच दोन्ही मफलर शोधून ठेवलेत.

तिच्या चकरा अजून येतात, कमी, पण येतात. त्या आल्या की ती आता भिंत शोधत नाही. मला हाक मारत नाही. येते आणि माझ्यासमोर उभी राहते.

मागच्या महिन्यात काचीगुड्यात एका लग्नाला गेलो होतो. जेवणानंतर पाहुण्यांचा घोळका माझ्याभोवती जमला होता आणि मी एक किस्सा रंगात आणला होता, अगदी शेवटावर, लोक हसायला तोंड उघडून तयार. तेवढ्यात घोळक्यातून वाट काढत नीलिमा आली. हातात पानाचा विडा तसाच. समोर उभी राहून माझ्याकडे बघायला लागली आणि मला तिची बुबुळं सरकताना दिसली.

मी बोलायचा थांबलो. हात हवेत होता, तो तिथेच राहू दिला. पापणीसुद्धा हलवली नाही.

"अहो, पुढे काय झालं?" कुणीतरी विचारलं. "सांगा ना!"

मी तसाच उभा राहिलो.